स्वतःला इजा करून आलेलं किशोरवयीन मूल: सिस्टरनं काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

अशा मुलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या क्रमात. ड्रेसिंगच्या आधी उलटतपासणी सुरू होते. मुलाशी एकट्यानं कोणी बोलायच्या आत आईबाबांचं म्हणणं केसपेपरवर उतरतं. घरातल्या औषधांच्या डब्याचं काय करायचं हे ठरायच्या आत डिस्चार्ज कार्ड हातात पडतं. प्रत्येक काम आपापल्या जागी बरोबर असतं, पण मागचं पुढे झाल्यामुळे मूल बोलायचं बंद होतं आणि पुन्हा येतं.

पुढचे टप्पे इंदूरमधल्या कॅज्युअल्टीत, नर्सिंग होमच्या वॉर्डात किंवा शाळा-वसतिगृहाच्या सिक रूममध्ये काम करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी आहेत. किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षं; कायद्यासाठी १८ पूर्ण होईपर्यंत अल्पवयीन.

## मूल येण्याआधीची तयारी

हे मूल दारात उभं असताना शोधाशोध करायची वेळ येऊ नये. ड्यूटी सुरू होताना चार गोष्टी पाहून ठेवा.

पहिली, आडोसा. वेगळी खोली नसेल तर पडदा ओढता येणारा बेड, आणि तो गर्दीच्या वाटेवर नको. दुसरी, ट्रे: निर्जंतुक गॉझ, सलाइन, २० मिलीची सिरिंज, पॅराफिन गॉझ, बँडेज, हातमोजे, ग्लुकोमीटर. हा ट्रे तुमच्या हातापाशी राहील, मुलाच्या बेडवर नाही, आणि काम झालं की मोजून परत जाईल. तिसरी, बेडजवळ न लावलेला पण पाठ असावा असा नंबरांचा कागद: टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चाइल्डलाइन (मुलांसाठीची हेल्पलाइन) १०९८, ॲम्ब्युलन्स १०८, आणि आज ऑन-कॉल असलेले बालरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ. चौथी, माणूस. या मुलाशी आज कोण बोलणार, ते एक नाव आधीच ठरवा. तीन जणींनी तीनदा तोच प्रश्न विचारला की तिसऱ्यांदा उत्तर खोटं येतं.

तोंडातले शब्दही तयारीतच मोडतात. "नाटक", "लक्ष वेधायला करते", "पुन्हा आलीस का?" हे काउंटरवर हळू आवाजातही बोलू नका, पडद्याआड सगळं ऐकू जातं. सोळा वर्षांच्या मुलाला "बाळा" किंवा "बेटा" म्हणण्यापेक्षा त्याचं नाव घ्या. आपल्याकडे "बेटा" मायेनंच निघतं, पण या वयात त्यानं लहान केल्यासारखं वाटतं.

## टप्पा १: पहिली पाच मिनिटं

आधी शरीर. शुद्धीवर आहे का, हाकेला ओ देतो का, श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, साखर. रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉझनं सलग १० मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला गॉझ उचलून पाहिलं तर धरू लागलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. गॉझ भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा.

दाबतानाच स्वतःचं नाव सांगा आणि पुढे काय करणार ते सांगा: "मी सिस्टर अमुक. आधी रक्त थांबवू, मग दुखणं कमी करू. बाकीचं नंतर." "का केलंस?" हा प्रश्न या पाच मिनिटांत विचारायचा नाही. आई विचारत असेल तर तिलाही हळूच थांबवा.

इथे थांबून एक प्रश्न नक्की विचारा: "याशिवाय काही घेतलंय का? गोळ्या, औषध, दारू, काहीही?" जखम दिसते म्हणून सगळ्यांचं लक्ष जखमेकडे जातं आणि पोटात गेलेलं राहून जातं. नातेवाइकांसमोर "नाही" आलं तरी पडदा ओढून पुन्हा विचारा. घेतलं असेल तर रिकामी पाकिटं मागवा, वेळ लिहा, ताबडतोब डॉक्टरांना कळवा.

करू नका: मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. अजूनही घरून असं करून आणतात. त्यात ओकारी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. दुसरी मोठी चूक म्हणजे "चांगली बोलतेय, चहा प्यायली, पाठवा घरी". काही औषधांचा यकृतावरचा परिणाम दिसायला दिवस-दोन दिवस लागतात. उतारा लवकर दिला तरच पुरता लागू पडतो. मूल बरं दिसतं म्हणून रक्ततपासणी टळत नाही.

## टप्पा २: जखम

दुखणं कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे. "स्वतः करताना दुखलं नाही, मग आता कशाला भूल?" असं म्हणून भूल न देता टाके घातले जातात. ही शिक्षा आहे, आणि मुलाला ती शिक्षा म्हणूनच कळते. इतर कोणत्याही जखमेला देता तशीच भूल, तसंच वेदनाशामक. मात्र पॅरासिटामॉल देण्याआधी टप्पा १ मधल्या प्रश्नाचं उत्तर पक्कं हवं. गोळ्या घेतल्याची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको.

कामाचा क्रम असा ठेवा:

१. भूल देण्याआधी जखमेच्या पुढची संवेदना तपासा: स्पर्श कळतो का, प्रत्येक बोट वाकतं आणि सरळ होतं का, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परततो का. भूल दिल्यावर ही तपासणी निरुपयोगी होते. स्पर्श कळत नसेल किंवा बोट हलत नसेल, तर मज्जातंतू (नर्व्ह) किंवा स्नायूबंध (टेंडन) तुटलेला असू शकतो. टाके न घालता सर्जनला बोलवा.

२. सलाइननं, नसेल तर वाहत्या पिण्याच्या पाण्यानं, घाण दिसेनाशी होईपर्यंत धुवा. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या जखमेत ओतू नका. घरून हळद किंवा कॉफी भरून आणली असेल तर न रागावता धुऊन काढा. आजीनं घाबरून जे सुचलं ते केलेलं असतं.

३. न चिकटणारं ड्रेसिंग, म्हणजे ट्रेमधला पॅराफिन गॉझ. कोरडा गॉझ थेट लावला तर बदलताना खपली निघते, आणि मूल पुढचं ड्रेसिंग टाळतं.

४. धनुर्वाताची लस. नियमित लसीकरणात टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे) डोस १० व्या आणि १६ व्या वर्षी असतात. शेवटचा डोस कधी झाला ते कार्डावरून पाहा. "झालं असेल" हे उत्तर धरू नका.

५. हाताचे टाके साधारण ७ ते १० दिवसांनी निघतात. ती तारीख आत्ताच लिहून द्या. मूल परत येण्याचं हे एक साधं, न लाजवणारं कारण असतं, आणि तुम्हाला दुसऱ्यांदा बोलायची संधी.

जुने व्रण दिसतील. मोजू नका, दुसऱ्या सिस्टरला बोलावून दाखवू नका. बाकीचं अंग पाहायचं असेल तर विचारून पाहा, शक्यतो मुलीसाठी स्त्री कर्मचारी, आणि तपासलं की लगेच झाकू द्या.

तपासा: जखम किती खोल यावरून मनातलं दुःख मोजलं जात नाही. ओरखडा घेऊन आलेल्या मुलाच्या मनात मरणाचा पक्का विचार असू शकतो, आणि टाके पडलेल्या मुलाला फक्त ती घटका सरायला हवी असते. हे कळतं ते विचारल्यानंच.

## टप्पा ३: पोलीस, कागद आणि कायदा

"काचेचा ग्लास फुटला", "गाडीवरून पडला" असं घरचे सांगतात ते बहुतेक पोलिसांच्या भीतीनं. ती भीती आधी काढा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, तिच्यावर त्यासाठी खटला चालवून शिक्षा होत नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद डॉक्टर करतील. ती नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे, हे आईबाबांना बसवून सांगा. उपचार मात्र एमएलसीसाठी थांबवायचे नाहीत.

केसपेपरवर मुलाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात लिहा. "रुग्ण सहकार्य करत नाही" ऐवजी "मुलगी म्हणाली: आत्ता बोलायचं नाही" असं लिहा. पहिल्या वाक्यानं पुढच्या पाळीच्या सिस्टरचं मन आधीच कलुषित होतं.

भंवरकुआँच्या बाजूला होस्टेलवर राहून क्लास करणारी खरगोन, खंडवा, बुऱ्हाणपूरची मुलं वॉर्डनसोबत येतात. जीव वाचवणारा उपचार पालकांची वाट पाहत थांबत नाही. पण वॉर्डन पालक नाही: संमतीची सही, मुलाची खासगी माहिती आणि डिस्चार्ज या तिन्हीसाठी आईबाबांशी फोनवर तुम्ही स्वतः बोला.

बोलण्यात लैंगिक अत्याचार निघाला, तर पोक्सो कायदा २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. लगेच डॉक्टरांना सांगा. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करतील. तपशील पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका.

## टप्पा ४: एकट्यानं बोलणं

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि बाकी सगळं यावरच उभं आहे. जखम बांधून झाली, पाणी-चहा झाला, की नातेवाइकांना बाहेर बसवा. "दवाखान्याची पद्धतच आहे, या वयाच्या प्रत्येक मुलाशी आम्ही दहा मिनिटं एकट्यानं बोलतो" असं सांगितलं की कोणी वाईट वाटून घेत नाही.

खुर्ची घ्या, उभ्यानं बोलू नका. सुरुवातीलाच मर्यादा सांगा: "तू सांगशील ते मी सगळ्यांना सांगत फिरणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल. कोणाला काय सांगायचं ते आधी तुला सांगेन." गुप्ततेचं सरसकट वचन देऊन नंतर मोडणं हे या कामातलं सगळ्यात महाग पडणारं खोटं आहे.

भाषेचं भान इंदूरमध्ये विशेष ठेवावं लागतं. रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरातलं मूल आजीशी मराठी बोलतं, मित्रांशी हिंदी, आणि मनातलं बहुतेक मित्रांच्या भाषेत सांगतं. तुम्ही मराठीत विचारलं आणि उत्तर "बस ऐसे ही, दीदी" असं आलं, तर तुम्हीही हिंदीवर या. मावशी किंवा मोठ्या बहिणीला दुभाषी करू नका.

विचारायचा क्रम, सोप्याकडून कठीणाकडे:

१. "आज दिवस कसा गेला? हे व्हायच्या आधी काय चाललं होतं?" "का" विचारलं की सफाई मिळते, "काय झालं" विचारलं की हकिकत मिळते.

२. "त्या वेळी मनात काय होतं? नंतर कसं वाटलं?" कोणी सांगेल सुन्नपणा गेला, कोणी सांगेल राग बाहेर पडला, कोणी सांगेल स्वतःला शिक्षा केली. यातलं काहीही खोडून काढू नका.

३. "मरून जावं असं वाटलं होतं का? आत्ता वाटतंय का?" स्पष्ट विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते हा समज चुकीचा आहे. उलट अनेक मुलांना कोणीतरी नाव घेतलं म्हणून हलकं वाटतं. "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "नाही" हेच येणार.

४. "हो" असेल तर: किती दिवस, काही ठरवलं आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, आणि आजवर कशामुळे थांबलास?

५. घर, शाळा-क्लास, मित्र, मोबाइलवरचा छळ किंवा फोटोची धमकी, प्रेमप्रकरण, मारहाण, नशा, झोप. सगळं एकाच बैठकीत संपवायचं नाही.

मूल गप्प राहिलं तर दोन-तीन मिनिटं तुम्हीही गप्प बसा. ती शांतता भरून काढायला उपदेश सुरू होतो, आणि तिथे बोलणं संपतं. "आईचा विचार केलास का?" हे वाक्य तर पूर्णच वगळा. मुलानं बहुतेक तोच केलेला असतो, आणि ते स्वतःला ओझं समजत असतं.

थांबा: मरणाचा विचार आत्ता चालू आहे, किंवा काही ठरवलं आहे, असं उत्तर आलं तर मुलाला एकटं सोडून निरोप द्यायला जाऊ नका. जागेवरून दुसऱ्याला बोलवा; मानसोपचारतज्ज्ञांनी पाहीपर्यंत कोणीतरी हाताच्या अंतरावर हवं.

प्रश्नावलीचे गुण लिहून "कमी धोका" असा शिक्का मारणंही टाळा. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की पुढचा धोका वर्तवण्यासाठी किंवा कोणाला उपचार द्यायचे हे ठरवण्यासाठी असे गुण वापरू नयेत. गरज काय आहे ते लिहा.

## टप्पा ५: वॉर्डातली देखरेख

बेड काउंटरसमोर, खिडकीपासून लांब. बाजूच्या लॉकरवर औषधं, कात्री, सुया राहिल्या नाहीत ना ते प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पाहा. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येते का, तेही. सामान तपासायचं तर मुलासमोर, विचारून, कारण सांगून.

"आई आहे ना सोबत" ही देखरेख नव्हे. ती आई रात्रभर जागी असते आणि पहाटे तिचा डोळा लागतो. पाळीत नाव लिहून माणूस नेमा, वेळा लिहा, आणि हँडओव्हर तोंडी आणि लेखी दोन्ही द्या. पाळी बदलताना बेडजवळ कोणी नसतं ती वेळ विशेष जपा. नुसतं टक लावून बसू नका. पत्ते खेळा, क्रिकेटवर बोला, वही-पेन्सिल द्या.

मानसोपचार विभागात भरती करायची ठरली तर २०१७ च्या कायद्याचं कलम ८७ लागू होतं: अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सतत सोबत, आणि मुलीजवळ पुरुष पालक असेल तर एक स्त्री सोबत हवी. इंदूरमध्ये एम. वाय. हॉस्पिटल आणि बाणगंगाचं मानसिक चिकित्सालय ही सरकारी ठिकाणं घरच्यांना सांगता येतील.

## टप्पा ६: आईबाबांशी

काय सांगायचं ते मुलाला आधी विचारून जा. मग त्यांना बसवा, पाणी द्या. ते घाबरलेले असतात, आणि आपल्या घरांत भीती रागाच्या रूपानं बाहेर पडते.

या गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्या लागतात:

- आईच्या गळ्याची शपथ घालू नका. शपथ मोडली की मूल पुढची जखम लपवतं, आणि आपल्यामुळे आईला काही होईल या भीतीत जगतं.
- हात वर करून रोज तपासणी नको. "आज कसं वाटतंय?" एवढं विचारा.
- काका, आत्या, शेजारच्या काकूंना सांगायचं की नाही हे मुलाला विचारून ठरवा.
- मोबाइल एकदम काढून घेऊ नका. ज्या एका मित्राशी बोलून ते सावरतं, तो मित्रही त्यात जातो. रात्रीच्या वेळा मिळून ठरवा.
- पुन्हा झालं तर ओरडण्याआधी जखम बांधा. लाट ओसरायला वेळ लागतो. पुन्हा होणं म्हणजे उपचार फसले असं नाही.

## टप्पा ७: सुरक्षा आराखडा

"पुन्हा करणार नाही" असं लिहून घेऊन सही घेण्याची पद्धत बंद करा. त्या कागदानं मूल सुरक्षित होत नाही, फक्त सांगायला घाबरतं. त्याऐवजी एका पानावर, मुलाच्या अक्षरात, मुलाच्या शब्दांत हे लिहून घ्या:

१. वादळ येतंय हे मला कशावरून कळतं? (झोप उडणं, दार लावून बसणं, एखादा ठरावीक विचार.)

२. एकट्यानं काय करून वेळ निघते? गच्चीवर जाऊ नये असं वाटत असेल तर तेही इथेच लिहायचं. "ध्यान कर" असं तुम्ही सुचवलेलं पण त्यानं कधी न केलेलं काही इथे घालू नका.

३. नुसतं कोणाजवळ जाऊन बसलं की बरं वाटतं?

४. कोणाला सांगू शकतो? दोन मोठी माणसं, नंबरासह. मामा असेल, शाळेच्या मॅडम असतील. आईबाबाच असले पाहिजेत असं नाही.

५. कोणीच नसेल तर: टेली-मानस १४४१६, दिवसरात्र, मोफत, हिंदी किंवा मराठीत बोलता येतं. जिवावर बेतलं तर १०८.

६. घरात काय बाजूला ठेवायचं? हा भाग पालकांसोबत. औषधं, आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसह, एका कुलूपबंद डब्यात, किल्ली एका माणसाकडे. कीटकनाशक आणि उंदरांचं औषध घराबाहेर. धारदार वस्तू नजरेआड. तीव्र इच्छेची घटका बहुतेक वेळा ओसरते. त्या घटकेत वस्तू हाताशी नसणं हे जीव वाचवणारं काम आहे. "हो, लपवू" यावर थांबू नका. कोण, कुठे, आज किती वाजेपर्यंत, ते लिहा.

तपासा: मुलाला पान वाचून दाखवायला सांगा आणि विचारा, "यातलं रात्री दोन वाजता खरंच काय करशील?" जे करणार नाही ते खोडा.

## टप्पा ८: डिस्चार्ज आणि पुढचे ४८ तास

कार्ड देण्याआधी चार गोष्टी हातात हव्यात: मानसोपचार ओपीडीची तारीख आणि वेळ (नुसतं "दाखवून घ्या" नाही), सुरक्षा आराखड्याचं पान, टाके काढायची तारीख, आणि पालकांच्या ताब्यात द्यायची थोड्याच दिवसांची औषधं. शाळेला किंवा क्लासला पत्र हवं असेल तर त्यात "वैद्यकीय कारणानं अनुपस्थित" एवढंच. कारण कळवायचं की नाही हे मूल आणि पालक ठरवतील.

४८ तासांच्या आत फोन करा. आधी पालकांशी दोन वाक्यं, मग मुलाशी. तीन प्रश्न पुरतात: झोप लागते का, तो विचार पुन्हा आला का, डब्याला कुलूप लागलं का. फोन लागला नाही तर त्याच दिवशी पुन्हा, आणि तरीही नाही लागला तर डॉक्टरांना कळवून वहीत नोंद. बोर्डाच्या निकालाच्या आठवड्यात ही वही उघडून आधी आलेल्या मुलांना एकेक फोन जास्तीचा करा.

आणि पाळी संपताना ज्या सिस्टरनं ते बोलणं केलं, तिला पाच मिनिटं बसवून इन्चार्जनं विचारावं की तिला कसं वाटतंय. तिचं उत्तर कागदावर लिहायची गरज नाही. पुढच्या पाळीत तिला पुन्हा तोच बेड द्यायचा की नाही, ते त्यावरून ठरवा.